डेंपोचा करंडक आणि 78वं मिनिट

फेडरेशन करंडकाच्या अंतिम सामन्याच्या 17 महिने आधी. 26 जून 2003, फ्रान्समधलं लिआँ. फुटबॉलच्या कॉन्फेडरेशन्स करंडकाची उपांत्य लढत. कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फो आसपास कुणीही नसताना मैदानात कोसळतो आणि दगावतो.

10 महिने आधी. पोर्तुगालमध्ये बेन्फिकाचा मिक्लोश फेहेर, वय 24, तसाच जातो. दोन्ही मृत्यू जगाने टीव्हीवर पाहिलेत. खरी उलटी मोजणी तिथूनच सुरू व्हायला हवी होती.

नव्या हंगामाआधी. ईस्ट बंगालकडून 15 गोल करून राष्ट्रीय लीग गाजवलेला ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर गोव्यात, डेंपोकडे येतो. खाणमालक डेंपो घराण्याचा हा क्लब 1968 पासूनचा. रोव्हर्स करंडक तीनदा जिंकलेला, फेडरेशन करंडक मात्र एकदाही नाही.

5 डिसेंबर 2004, रविवार. बंगळूर, कांतीरवा स्टेडियम. फेडरेशन करंडकाचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या डेंपोला क्रिस्तियानो आघाडी मिळवून देतो. बागानचा गोलरक्षक सुब्रत पाल अजून 18चाही झालेला नाही.

78वं मिनिट. क्रिस्तियानो गोलकडे झेपावतो, पाल पुढे येतो. चेंडू जाळ्यात जातो आणि दोघांची टक्कर होते. गोल मिळतो. क्रिस्तियानो उठत नाही.

पुढची मिनिटं. सहकारीच तोंडाने श्वास द्यायला धडपडतात. हृदय बंद पडलं की छाती दाबल्याविना आणि विजेचा झटका दिल्याविना गेलेलं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटवतं. 2021मध्ये कोपनहेगनला डेन्मार्कचा एरिक्सन असाच कोसळला. मैदानातच छाती दाबली, झटका दिला, तो वाचला. पुन्हा खेळलाही.

त्याच दिवशी. रुग्णालयात क्रिस्तियानोला मृत घोषित करतात. वय 25. निकाल 2-0, दोन्ही गोल त्याचेच. डेंपोचा पहिला फेडरेशन करंडक.

नंतर. डेंपोने 10 क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली आणि त्याच हंगामात लीगही जिंकली. पालवर दोन महिन्यांची बंदी आली. पोरगेल्या गोलरक्षकाकडे बोट दाखवणं सोपं होतं; मैदानाकाठी डॉक्टर, यंत्र आणि रुग्णवाहिका कुणी उभी करायची, हा प्रश्न अवघड.

2012. बंगळूरच. स्थानिक लीगच्या सामन्यात एक खेळाडू कोसळला. रुग्णवाहिका नव्हती. त्याला रिक्षात घालून नेलं. तो वाचला नाही.