दफनभूमीच्या जमिनीविषयक वाद (महाराष्ट्र)

'''दफनभूमीच्या जमिनीविषयक वाद''' म्हणजे मृतदेह पुरण्यासाठी वापरात असलेल्या किंवा राखून ठेवलेल्या जमिनीची मालकी, हद्द, वापर आणि प्रवेश यांसंबंधीचे कायदेशीर तंटे. महाराष्ट्रात मुस्लिम, ख्रिस्ती व लिंगायत समाजांत तसेच काही भटक्या जमातींत दफनाची परंपरा आहे. हिंदू कुटुंबांतही लहान बालकांचे सामान्यतः दफन करतात. प्रत्यक्ष वहिवाट आणि महसुली नोंद यांतील तफावत हे अशा अनेक तंट्यांचे मूळ असते.

== कायदेशीर चौकट ==
दफन आणि दफनभूमी हा विषय भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत (नोंद १०) आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार जिल्हाधिकाऱ्यास सरकारी जमीन दफन वा दहनासाठी राखून ठेवता येते. अशा जमिनीचा अन्य कामासाठी वापर करण्यास त्याची मंजुरी आवश्यक असते. जमिनीवर शासनाचा हक्क आहे की अन्य कोणाचा, याचा निर्णय कलम २० खालील चौकशीत होतो आणि त्याविरुद्ध एक वर्षाच्या आत दिवाणी दावा दाखल करावा लागतो.

सातबारा उताऱ्यातील नोंद कलम १५७ नुसार खरी मानली जाते. मात्र ती खोटी असल्याचे पुराव्याने सिद्ध करता येते. वक्फ म्हणून नोंदलेल्या कब्रस्तानांचे तंटे वक्फ अधिनियम, १९९५ खालील न्यायाधिकरणापुढे चालतात. भावना दुखावण्याच्या हेतूने दफनस्थळी अतिक्रमण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे.

== वादाचे स्वरूप ==
* '''नोंदीचा अभाव :''' पिढ्यान्‌पिढ्या दफन होत असूनही सातबाऱ्यावर ती जमीन गायरान, पड किंवा खासगी मालकीची दिसते.
* '''हद्द व अतिक्रमण :''' मोजणी झालेली नसल्याने शेजारची शेती, रस्ता किंवा बांधकाम दफनभूमीत सरकते.
* '''प्रवेश :''' विशिष्ट समाजाला सामाईक जागेत दफन करू देण्यास विरोध होतो.
* '''नवी जागा :''' दफनभूमीसाठी निवडलेल्या जागेला लगतचे रहिवासी हरकत घेतात.

== महत्त्वाचे निर्णय ==
मद्रास उच्च न्यायालयातून आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये असे ठरवले, की सार्वजनिक कब्रस्तान हे वक्फ असून दफन थांबले तरी त्याचे ते स्वरूप नष्ट होत नाही. दीर्घकालीन वापरावरून समर्पण सिद्ध होऊ शकते, हेही त्यात मान्य करण्यात आले.

कोविड महासाथीच्या काळात वांद्रे (मुंबई) येथील कब्रस्तानांत रुग्णांचे दफन करण्यास काही रहिवाशांनी आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी त्या याचिका फेटाळल्या. मृतदेहापासून संसर्ग पसरतो असा शास्त्रीय पुरावा नसल्याचे सांगून, सन्मानाने दफन होणे हा अनुच्छेद २१ मधील अधिकाराचा भाग असल्याचे न्यायालयाने नमूद केले.

मात्र या अधिकारातून हव्या त्या ठिकाणी दफन करण्याचा हक्क मिळतोच असे नाही. छत्तीसगडमधील एका ख्रिस्ती कुटुंबाच्या प्रकरणात मृतदेह सुमारे तीन आठवडे शवागारात राहिला. २७ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले. तथापि प्रकरण लांबू नये म्हणून गावापासून दूर असलेल्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश देण्यात आला.

== विस्थापित गावांचा प्रश्न ==
सातारा जिल्ह्यातील कोयनानगरजवळच्या कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गावठाणांबरोबर त्यांची स्मशाने आणि दफनस्थळेही बुडाली. विस्थापितांना सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड आणि ठाणे या जिल्ह्यांत वसवण्यात आले. राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा त्यानंतर, १९७६ मध्ये झाला. सध्याच्या, १९९९ च्या अधिनियमानुसार नव्या गावठाणात द्यावयाच्या नागरी सुविधांत स्मशानभूमी-दफनभूमीचा समावेश आहे. जुन्या गावात वहिवाट हाच हक्काचा आधार असे. नव्या ठिकाणी तशी वहिवाट नसल्याने जागेची नोंद आणि मोजणी यांना विशेष महत्त्व येते. अशी जागा न मिळाल्यास पुनर्वसितांना मूळ गावकऱ्यांच्या संमतीवर अवलंबून राहावे लागते.

== हेही पहा ==
* कोयना धरण
* गायरान
* सातबारा उतारा