जुन्या वाहनांतील मुख्य भागांची बदली (कायदा)

मोटार वाहनाचे इंजिन, चॅसिस किंवा सांगाडा बदलल्यानंतर ते वाहन कायद्याच्या दृष्टीने पूर्वीचेच राहते का, या प्रश्नाचे उत्तर भारतात प्रामुख्याने मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये आहे. खाऱ्या हवेमुळे लोखंड लवकर गंजणाऱ्या रत्नागिरीसारख्या किनारी जिल्ह्यात (नोंदणी संकेतांक एमएच-०८) हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा फेरबदल मालकाला करता येत नाही. ही कठोर शब्दरचना २००० सालच्या दुरुस्तीने आली. मात्र ज्यामुळे वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते असा रचनेतील बदल म्हणजेच 'फेरबदल', असे कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. त्यामुळे क्लच, रेडिएटर किंवा गंजलेला दरवाजा मूळ प्रकाराचाच नवा बसवणे ही केवळ दुरुस्ती ठरते.

इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. त्याच बनावटीचे व प्रकाराचे इंजिन बसवले तरी त्यावरील क्रमांक निराळा असतो आणि प्रमाणपत्रातील नोंद चुकीची ठरते. किमान दहा परिवहन वाहने बाळगणाऱ्या मालकास अशी बदली पूर्वपरवानगीविना करण्याची मुभा राज्य शासन देऊ शकते. त्यानेही चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवून नोंद करून घ्यावी लागते. एकुलत्या रिक्षाच्या किंवा जीपच्या मालकास ही सवलत नाही. जुन्या बाजारातून घेतलेल्या इंजिनाची पावती जपणे म्हणूनच आवश्यक ठरते. चॅसिससाठी तर कलमात अशी स्वतंत्र तरतूदच नाही, आणि वाहनाची ओळख मुख्यतः चॅसिस क्रमांकावर अवलंबून असते.

केरळमधून आलेल्या के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलांविरुद्ध फेरबदल करता येत नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२क मध्ये अनधिकृत फेरबदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. सीएनजी किंवा बॅटरीसाठी विहित अटींनुसार संच बसवणे यातून वगळलेले आहे.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांना २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. परंतु चॅसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेले वाहन त्यास पात्र नसते.