बिघडलेला आवाज आणि त्याची दुरुस्ती

गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने आम्हाला विचारलं होतं, की यंत्रातला बिघाड आणि कलेतला दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत की एकच? तेव्हा आम्ही चहाकडे बोट दाखवून वेळ मारून नेली. आज उत्तर द्यायचा प्रयत्न करू. त्यासाठी टेबलावर एक डबी आणून ठेवली आहे. मागच्या रांगेतल्यांना ती साबणाच्या डबीसारखी दिसत असेल.

ही डबी म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचं फझ पेडल. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने निघून अ‍ॅम्पकडे जाते. वर दोन नॉब आहेत आणि पायाने दाबायचं एक बटण. बटण दाबलं की गिटारचा स्वच्छ आवाज जाड, खरखरीत, थोडा भुंग्यासारखा होतो. चांगल्या बुटांच्या जोडीइतकी हिची किंमत. १९६० च्या दशकातल्या एका पेडलच्या धर्तीवर ती बनवली आहे, आणि त्या काळातलं अस्सल पेडल घ्यायचं तर आमचं अर्धं पेन्शन जाईल. ही आमच्या नातवाने घेतली. गेले दोन महिने आम्ही दोघे मिळून ती वाजवून बघतो आहोत. म्हणजे वाजवतो तो, आणि बघतो आम्ही.

आता प्रश्न असा, की पैसे देऊन आवाज खराब करून का घ्यायचा? याचं उत्तर इतिहासात आहे. म्हणून आधी इतिहास.

१९५१ चा मार्च महिना. अमेरिकेच्या मेंफिस शहरात सॅम फिलिप्स यांचा एक लहानसा स्टुडिओ होता. तिथे आइक टर्नर यांचा वाद्यवृंद ‘रॉकेट ८८’ हे गाणं ध्वनिमुद्रित करायला आला. वाटेत गिटारवादक विली किझार्ट यांच्या अ‍ॅम्पला इजा झाली होती. तो गाडीवरून पडला की पावसात भिजला, याबद्दल दोन कथा आहेत. स्पीकरचा कागदी कोन फाटला होता एवढं नक्की. दुसरा अ‍ॅम्प आणायला वेळ नव्हता. फिलिप्स यांनी फाटलेल्या जागी कागदाचे बोळे कोंबले आणि तसंच ध्वनिमुद्रण केलं. गिटारला एक घोगरेपणा आला आणि तो रेकॉर्डवर राहिला.

हा झाला अपघात. १९५८ साली लिंक रे यांनी ‘रंबल’साठी पेन्सिलीने स्पीकरला स्वतःच भोकं पाडली. त्या गाण्यात एकही शब्द नाही, तरी अमेरिकेत काही रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकार दिला. नुसता आवाजच त्यांना गुंडगिरीचा वाटला! मग १९६४ मध्ये लंडनमध्ये ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिस या सतरा वर्षांच्या मुलाने दाढीच्या ब्लेडने आपल्या छोट्या अ‍ॅम्पचा कोन कापला. त्यातून ‘यू रिअली गॉट मी’चा आवाज आला.

इथे क्षणभर थांबू. पहिल्या माणसाचं वाद्य बिघडलं. दुसऱ्याने आणि तिसऱ्याने ते बिघडवलं. कृती उलट झाली, आवाज मात्र एकाच जातीचा. पण अडचण कोणती आहे बघा. ब्लेड मारलेला स्पीकर पुढच्या गाण्यासाठी पुन्हा स्वच्छ करता येत नाही. तो बिघाड तुमच्या ताब्यात नसतो.

तो ताब्यात आला नॅशव्हिलमध्ये. मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. हे गाणं १९६१ मध्ये बाजारात आलं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होते. ध्वनिमुद्रणाच्या टेबलातला एक ट्रान्सफॉर्मर नेमका तेव्हाच खराब झाला, आणि बेसचा आवाज एखादी मोठी माशी बाटलीत अडकावी तसा यायला लागला. तो तुकडा काढून टाकावा की ठेवावा, यावर चर्चा झाली असणार. ठेवला. गाणं कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि लोक स्टुडिओत येऊन विचारू लागले, आम्हाला तो आवाज मिळेल का?

तोवर टेबलाचा तो भाग पुरता निकामी झाला होता. आवाज मागणारे दारात उभे, आणि बिघाडच संपलेला! तेव्हा स्टुडिओतले अभियंते ग्लेन स्नॉडी कामाला लागले. रेडिओ केंद्रातले अभियंते रेव्हिस हॉब्स यांच्या मदतीने त्यांनी ट्रान्झिस्टर वापरून तोच बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट बनवलं आणि गिब्सन कंपनीला दिलं. १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विकायला आलं. बाजारात आलेलं पहिलं फझ पेडल ते हेच.

यातला एक तपशील आम्हाला फार बोलका वाटतो. कंपनीने हे पेडल ‘आवाज खराब करणारं यंत्र’ म्हणून विकलं नाही. गिटारमधून ट्युबा, सॅक्सोफोन, चेलो यांचे आवाज काढा, अशी तिची जाहिरात होती. म्हणजे ज्यांनी दोष विकायला काढला, त्यांनाही तो दोष म्हणून विकायचं धाडस झालं नाही. दुकानदारांनी सुरुवातीला माल उचलला, पण पुढे गिऱ्हाईक फारसं फिरकलं नाही.

मग आलं १९६५. ‘रोलिंग स्टोन्स’च्या कीथ रिचर्ड्स यांनी ‘सॅटिस्फॅक्शन’ची सुरुवातीची धून या पेडलवर वाजवली. त्यांच्या मनात ती धून ब्रास वाद्यांची होती. ट्रम्पेट वगैरे नंतर भरू, तोवर जागा धरायला म्हणून फझ. आपल्याकडे बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसा तो रुमाल होता. पण गाणं तसंच बाजारात गेलं, आणि रुमालच सीटवर बसून राहिला. त्याच वर्षी ओटिस रेडिंग यांनी तेच गाणं खरोखरच्या ब्रास वाद्यांसह गायलं. उत्तमच आहे ते. पण ‘सॅटिस्फॅक्शन’ म्हटलं की आजही कानात येतो तो रुमालाचा आवाज. वर्ष संपेपर्यंत दुकानांतली फझ-टोन पेडलं संपली होती.

आता याच वर्षातली एक गोष्ट थेट आपल्या घराशी येऊन भिडते. लंडनमध्ये ‘द यार्डबर्ड्स’ना ‘हार्ट फुल ऑफ सोल’ या गाण्यात सतार हवी होती. सतारवादक बोलावला, ध्वनिमुद्रणही झालं, पण त्या सगळ्या गलक्यात सतार दबून गेली. शेवटी जेफ बेक यांनी तीच धून गिटारवर फझ लावून वाजवली. तारांचा झणत्कार आणण्यासाठी त्यांना फझच का आठवलं असेल?

कारण सतारीत आणि तंबोऱ्यात फझ आधीपासूनच आहे. आपण तिला जवारी म्हणतो. तंबोऱ्याची घोडी सपाट वाटते, पण तिला अगदी थोडा उतार असतो. तार छेडली की ती घोडीच्या पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा निसटती शिवत राहते. मध्ये सुती दोरा सरकवून तो स्पर्श नेमका साधायचा. त्या शिवण्यातून वरचे स्वर जागे होतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याच गोष्टीकडे लक्ष वेधलं, की तारेच्या कंपनाच्या प्रचलित नियमाप्रमाणे जे उपस्वर उमटायलाच नकोत, ते तंबोऱ्यात जोरकसपणे ऐकू येतात. युरोपातल्या गिटार किंवा व्हायोलिन बनवणाऱ्याने तारेची अशी खरखर ऐकली तर तो तिला बिघाड म्हणेल आणि कानस घेईल. मिरजेचा कारागीरही कानस घेतो, पण खरखर आणण्यासाठी!

फझमध्ये काय होतं? गिटारचा विद्युत्प्रवाह लाटेसारखा वरखाली होतो. पेडल ती लाट इतकी वाढवतं, की ट्रान्झिस्टरला ती पेलवत नाही. लाटेचे शेंडे आणि तळ छाटले जातात. भरून वाहणारी बादली काठापर्यंतच मापता येते, तसं. लाटेचा आकार बदलला की मूळ स्वराबरोबर वरचे अनेक उपस्वर उमटतात. जवारीचं आणि फझचं यंत्र एक नाही, पण नातं आहे. दोन्हीकडे कंपनाच्या वाटेत एक अडसर ठेवलेला आहे, आणि अडसरामुळे स्वर श्रीमंत होतो.

आता ऐका. आधी सा आणि प एकत्र. (इथे वाजवून दाखवले.) खाली एक खर्ज ऐकू आला? तो कुणी वाजवलेला नाही. सा आणि प यांचं नातं दोनास तीन. फझ त्यांच्यातली वजाबाकीही ऐकवतं. तीनातून दोन गेले, उरला एक, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. आता सा आणि ग. (इथे वाजवून दाखवले.) चिखल झाला. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार आपल्या शुद्ध गंधारापेक्षा थोडा चढा असतो. एरवी कान ते खपवून घेतो. फझ खपवून घेत नाही. म्हणून फझ लावलेला गिटारवादक सहसा एकेक स्वर किंवा सा-प वाजवतो. ज्याला आपण बेशिस्त आवाज म्हणतो, तो वाजवणाऱ्याला अशी शिस्त लावतो.

आणि हे बघा, गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा कमी केला. (इथे वाजवून दाखवले.) पेडल चालूच आहे, पण आवाज जवळजवळ स्वच्छ झाला. पुन्हा वाढवला, पुन्हा खरखर. करंगळीच्या एका हालचालीवर बिघाड आणि दुरुस्ती. स्पीकर कापणाऱ्या डेव्हिसला हे मिळालं नव्हतं.

‘जुन्या धर्तीचं’ म्हणजे काय, यावरही बोललं पाहिजे, कारण बाजारात सगळा जोर त्यावरच असतो. टेबलावरचं पेडल ज्याची नक्कल आहे, ते लंडनच्या आयव्हर आर्बिटर यांचं १९६६ चं ‘फझ फेस’. मूळ पेडल माइकच्या स्टँडच्या बुडासारखं गोल होतं. आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन नॉब. सगळे मिळून अकरा भाग! सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. जर्मेनियमचा स्वभाव लहरी. एका कारखान्यातले, एकाच क्रमांकाचे दोन ट्रान्झिस्टर सारखे निघत नाहीत, आणि उष्णता वाढली की त्यातून प्रवाह झिरपतो. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या खोलीत हेच पेडल तुटक, बसलेल्या घशासारखं वाजत होतं. खाली पंख्याखाली आणलं, तासाभराने ताळ्यावर आलं.

म्हणजे ‘अगदी मूळ फझ फेससारखं’ या दाव्याला अर्थ तरी काय? मूळ फझ फेस एकमेकांसारखे नव्हते. नक्कल नेमकी कशाची करायची? आमच्या नातवाचं उत्तर आम्हाला पटलं. तो म्हणाला, “आजोबा, हे कुणासारखं आहे ते मला नको. हे माझ्या हाताला ऐकतं का, एवढंच मी बघतो.” दोन महिन्यांनंतर त्याचा निष्कर्ष असा, की ऐकतं, पण दुपारी नाही. एवढ्या किमतीला आम्हाला हे ठीक वाटतं.

आता ज्या प्रश्नापासून सुरुवात केली तिथे येऊ. दोष वस्तूत नसतो, आपल्या अपेक्षेत असतो, असं म्हणून टाळ्या घेता येतील. पण ते अर्धंच खरं आहे. नॅशव्हिलचा ट्रान्सफॉर्मर खरोखरच जळाला होता, अपेक्षा बदलून तो दुरुस्त होणार नव्हता. आम्हाला वाटतं, दोषाचा गुण होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. कुणीतरी तो आवाज पुसण्याआधी दुसऱ्यांदा ऐकावा लागतो. आणि मग कुणीतरी तो हाताला वश होईल असा घडवावा लागतो. पहिलं काम कानाचं, दुसरं कारागिराचं. मिरजेत दोन्ही एकच माणूस करतो. नॅशव्हिलमध्ये त्याला दोन-तीन माणसं लागली.

हे आम्ही कुठून बोलतो तेही सांगितलं पाहिजे. १९८८ साली आमचा मुलगा सोळा वर्षांचा होता. त्याच्याकडे एक जुना अ‍ॅम्प होता, स्पीकरचा कोन फाटलेला. तो त्यावर तासन्‌तास वाजवायचा. वाढदिवसाला आम्ही त्याला न सांगता स्पीकर दुरुस्त करून आणला. आवाज काचेसारखा स्वच्छ झाला. त्याने आभार मानले आणि पुढच्या काही महिन्यांत गिटार माळ्यावर गेली. आमच्या मनात इतकी वर्षं होतं, की त्याचं वादन आम्ही थांबवलं.

हे पेडल घरात आलं तेव्हा आम्ही त्याला फोनवर आवाज ऐकवला आणि मनातलं बोललो. तो हसला. म्हणाला, “बाबा, बारावी होती. त्यामुळे थांबलं.” कार्यकारणभाव हा विषय आम्ही तीस वर्षं शिकवला आहे, तेव्हा हे ऐकून आमची काय अवस्था झाली असेल बघा. पण मग तो म्हणाला, “मला तेव्हा एवढंच वाटलं, की तुम्हाला तो आवाज आवडत नाही. तुम्ही सांगितलं नाहीत, दुरुस्त करून आणलंत.”

ते खरं होतं. आम्ही त्याला भेट म्हणालो, पण आम्हाला तो आवाज नको होता. आम्ही तो एकदाच ऐकला होता, तोही बंद दाराबाहेरून. दुसऱ्यांदा ऐकलाच नाही. मघाशी ज्या दोन गोष्टी सांगितल्या, त्यातली पहिली आम्ही अशी शिकलो, आणि शिकायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

प्रश्नांसाठी दहा मिनिटं ठेवली आहेत. ज्यांना पेडल वाजवून बघायचं असेल त्यांनी नंतर पुढे यावं, नातू इथेच आहे. फक्त खिडकीजवळ नेऊ नका, तिथे ऊन आहे.