युनिक्सची मालकी कोणाची? एका संहितेवरून चाललेल्या अर्धशतकाच्या वादाचा इतिहास

#धागा #संगणकाचा_इतिहास

१/
१९७७ साली सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील प्राध्यापक जॉन लायन्स यांच्या दोन पुस्तिका विद्यार्थ्यांच्या हाती होत्या. एकीत युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा सोर्स कोड, म्हणजे सुमारे नऊ हजार ओळींची मूळ संहिता छापली होती. दुसरीत तिच्यावरील भाष्य होते. चालू स्थितीतली एक संपूर्ण प्रणाली ओळीओळीने वाचून शिकण्याची ही दुर्मीळ सोय होती.

२/
१९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली आणि तिच्या परवान्याने संहिता वर्गात शिकवण्यास मनाई केली. लायन्स यांचे भाष्य पुढील दीड दशकाहून अधिक काळ छायाप्रतींच्या छायाप्रतींतून, अक्षरे पुसट होत जाणाऱ्या कागदांवर फिरत राहिले. ते रीतसर ग्रंथरूपाने बाजारात आले १९९६ मध्ये.

३/
मुक्तस्रोत चळवळ आणि व्यापारी कंपन्या यांचा संघर्ष बहुधा ‘लिनक्स विरुद्ध मायक्रोसॉफ्ट’ असा सांगितला जातो. त्याची मुळे मात्र त्याआधीच्या या मनाईत आहेत. अनेकांच्या हातांनी वाढलेल्या संहितेवर एकाच कंपनीचा हक्क चालू शकतो का, हा प्रश्न युनिक्सच्या निमित्ताने न्यायालयात दोनदा गेला. त्याची ही हकीकत.

४/
प्रारंभ होतो एका कायदेशीर तडजोडीने. अमेरिकेतील दूरध्वनी व्यवसायावर एटी अँड टी या कंपनीचे जवळजवळ एकछत्री वर्चस्व होते. मक्तेदारीविरोधी खटल्यातून १९५६ साली जो समझोता झाला, त्यानुसार कंपनीला दूरसंचाराबाहेरच्या व्यवसायात उतरण्यास बंदी झाली. संगणकप्रणाली विकणे हा असाच एक बाहेरचा व्यवसाय होता.

५/
१९६९ साली याच कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी सुरू केली. १९७४ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि विद्यापीठांकडून मागणी येऊ लागली. विकता येत नसल्याने कंपनी ती नाममात्र शुल्कात, सोर्स कोडसह देऊ लागली. मात्र दुरुस्ती, मदत, हमी यांपैकी काहीही तिच्याबरोबर मिळत नसे.

६/
या हात झटकण्याचा परिणाम कंपनीला अपेक्षित नव्हता. बिघाड झाला तर विचारणार कोणाला? मग एका विद्यापीठाने दुसऱ्याला विचारायचे, सापडलेली दुरुस्ती टेपवर भरून पाठवायची, असा परिपाठ पडला. कंपनीने सेवा नाकारली म्हणून वापरकर्त्यांचा समाज तयार झाला. पुढे ज्याला ‘समुदाय’ म्हटले गेले, त्याचा जन्म या गरजेतून झाला.

७/
या देवघेवीचे सर्वांत मोठे केंद्र होते कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली. १९७५-७६ मध्ये थॉम्प्सन स्वतः तेथे अध्यापनासाठी राहिले. बिल जॉय आणि इतर विद्यार्थ्यांनी युनिक्समध्ये इतकी भर घातली की ‘बीएसडी’ नावाची स्वतंत्र परंपराच निर्माण झाली. १९८३ च्या आवृत्तीत इंटरनेटचे मूलभूत नियमसंच अंतर्भूत होते. त्यासाठीचा निधी अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा, म्हणजे करदात्यांचा होता.

८/
दुसऱ्या पक्षाची बाजूही तितक्याच गांभीर्याने पाहायला हवी. १९६९ साली आयबीएमने यंत्र आणि सॉफ्टवेअर यांच्या किमती वेगळ्या करण्याची घोषणा केली आणि सॉफ्टवेअर ही स्वतंत्र विक्रेय वस्तू ठरू लागली. फेब्रुवारी १९७६ मध्ये वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून अनावृत पत्र लिहिले. त्यांचा सवाल साधा होता: मोबदला मिळणार नसेल, तर व्यावसायिक दर्जाचे काम कोण करील?

९/
या सवालात तथ्य होते. लेखनाला वेळ लागतो, चाचण्यांना पैसा लागतो. परंतु युनिक्सच्या बाबतीत गोष्ट इतकी सरळ नव्हती, कारण तिच्यावर खर्च झालेला वेळ एका कंपनीचा नव्हता. १ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टीचे विभाजन अमलात आले, जुने निर्बंध सुटले आणि कंपनी युनिक्सकडे व्यापारी माल म्हणून पाहू लागली. परवान्यांचे दर चढत गेले.

१०/
या दारबंदीला तीन ठिकाणांहून तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. पहिले ॲमस्टरडॅमहून. प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी वर्गात शिकवता यावी म्हणून युनिक्ससारखीच वागणारी, परंतु तिची एकही ओळ न घेतलेली छोटी प्रणाली स्वतः लिहिली. १९८७ साली ती त्यांच्या पाठ्यपुस्तकासोबत आली. तिचे नाव मिनिक्स.

११/
दुसरे उत्तर एमआयटीतून आले. रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ‘ग्नू’ या संपूर्ण मुक्त प्रणालीची घोषणा केली. त्यांचा विरोध किमतीला नव्हता. वापरणाऱ्याला संहिता वाचता, बदलता आणि वाटता आली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९८५ मध्ये त्यांनी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन केली.

१२/
स्टॉलमन यांचे टिकाऊ योगदान कायद्याच्या क्षेत्रात आहे. १९८९ च्या ‘जीपीएल’ परवान्याने प्रताधिकाराचाच आधार घेऊन त्याचा हेतू उलटा केला. संहिता घ्या, बदला, विकासुद्धा. मात्र पुढे देताना तिची मूळ संहिता त्याच अटींवर खुली ठेवा. बर्कलीचा परवाना अशी अट घालत नव्हता. तेथे घेणाऱ्याने आपली आवृत्ती बंद केली तरी चालत असे. दोन परंपरांतला हा भेद पुढे निर्णायक ठरला.

१३/
तिसरे उत्तर बर्कलीचे, आणि ते सर्वांत कष्टाचे. तेथील कीथ बॉस्टिक यांनी एटी अँड टीची संहिता न पाहता, केवळ प्रसिद्ध वर्णनांवरून युनिक्सचे एकेक साधन नव्याने लिहिण्यासाठी स्वयंसेवकांना हाक दिली. मोबदला एवढाच, की योगदात्यांच्या यादीत नाव छापले जाईल. १९९१ पर्यंत जवळजवळ सारी प्रणाली नव्याने लिहून झाली. गाभ्यातल्या केवळ सहा फायली उरल्या.

१४/
त्या सहा फायलींची उणीव भरून ‘बीएसडीआय’ या नव्या कंपनीने पूर्ण प्रणाली संहितेसह ९९५ डॉलरना विकायला काढली. जाहिरातीत मूळ युनिक्सच्या तुलनेत ९९ टक्के सवलत असल्याचे म्हटले होते आणि संपर्काच्या दूरध्वनी क्रमांकातच ‘युनिक्स’ हा शब्द गुंफला होता. १९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स शाखेने दावा ठोकला. पुढे विद्यापीठही त्यात ओढले गेले.

१५/
विद्यापीठाने प्रतिदावा केला: बर्कलीत लिहिलेली संहिता कंपनीने आपल्या युनिक्समध्ये घेतली, पण परवान्याने बंधनकारक असलेला श्रेयनिर्देश केला नाही! कोणी कोणाचे घेतले, हा प्रश्न आता दोन्ही बाजूंना लागू झाला. दरम्यान नॉव्हेल या कंपनीने ती शाखा विकत घेतली आणि १९९४ च्या आरंभी तडजोड झाली.

१६/
तडजोडीचा तपशील बोलका आहे. वितरणातील सुमारे अठरा हजार फायलींपैकी तीन काढून टाकाव्या लागल्या आणि काहींमध्ये किरकोळ बदल करावे लागले. सुमारे सत्तर फायलींवर कंपनीच्या प्रताधिकाराची नोंद घालण्याचे ठरले. एवढ्यासाठी जवळपास दोन वर्षे बीएसडीवर संशयाचे सावट राहिले. ग्राहक थांबले, नवे लेखक बिचकले.

१७/
नेमकी याच काळात दुसऱ्या एका प्रणालीला मोकळी वाट मिळाली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स याने मिनिक्सच्या वापरकर्त्यांना कळवले की तो हौसेखातर एक प्रणाली लिहीत आहे. १९९२ मध्ये त्याने लिनक्सला जीपीएल परवाना लावला. बीएसडीची मुक्त आवृत्ती तेव्हा हाताशी असती, तर लिनक्स बहुधा लिहिलेच गेले नसते, असे पुढे त्यानेच सांगितले.

१८/
नव्वदच्या दशकाअखेर लिनक्स सर्व्हरच्या बाजारात शिरले. फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ हा शब्दप्रयोग पुढे आला. ‘फ्री’ म्हणजे फुकट, हा समज टाळून उद्योगांना चुचकारण्याचा त्यात हेतू होता. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे एक अंतर्गत टिपण बाहेर फुटले. या पद्धतीने बनलेले सॉफ्टवेअर उत्पन्नाला थेट धोका आहे, आणि ग्राहकांच्या मनात शंका पेरण्याचे जुने तंत्र येथे चालणार नाही, असा त्याचा सूर होता.

१९/
शंका पेरण्याचा मोठा प्रयोग तरीही झाला, आणि तो युनिक्सच्याच नावाने. नॉव्हेलने १९९५ मध्ये युनिक्सचा व्यवसाय सांताक्रूझ ऑपरेशनला विकला. २००१ मध्ये तो कॅल्डेरा या कंपनीकडे गेला. कॅल्डेरा स्वतः लिनक्सचे वितरण करीत होती. जानेवारी २००२ मध्ये तिने युनिक्सच्या जुन्या आवृत्त्या मुक्त परवान्याखाली खुल्याही केल्या. त्याच वर्षी तिने नाव बदलले: एससीओ ग्रुप.

२०/
मार्च २००३ मध्ये एससीओने आयबीएमवर एक अब्ज डॉलरचा दावा लावला. पुढे रक्कम वाढत गेली. आरोप असा, की आयबीएमने युनिक्सची गुपिते लिनक्समध्ये ओतली. मे महिन्यात सुमारे दीड हजार कंपन्यांना इशारापत्रे गेली. लिनक्स वापरायचे तर प्रत्येक सर्व्हर-प्रोसेसरमागे ६९९ डॉलर भरा, असा प्रस्ताव आला. मायक्रोसॉफ्टने याच सुमारास एससीओकडून युनिक्सचा परवाना विकत घेतला.

२१/
चोरी नेमकी कोणत्या ओळींत आहे, हे सांगण्यास एससीओ टाळाटाळ करीत होती. ऑगस्ट २००३ मध्ये लास व्हेगासच्या सभेत तिने पडद्यावर एक मासला दाखवला, तोही काही मजकूर ग्रीक लिपीत बदलून. श्रोत्यांतून कोणी छायाचित्र टिपले आणि लिनक्सच्या जाणकारांनी त्याची उकल केली. एक तुकडा बर्कलीच्या मुक्त संहितेतला निघाला. दुसरा त्या जुन्या युनिक्समधला, जी कॅल्डेराने आदल्याच वर्षी खुली केली होती!

२२/
फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायाधीश डेल किम्बॉल यांनी एससीओचे जाहीर आरोप आणि सादर केलेला पुरावा यांतील प्रचंड तफावतीबद्दल आश्चर्य व्यक्त केले. ऑगस्ट २००७ मध्ये त्यांनी निकाल दिला की युनिक्सचे प्रताधिकार नॉव्हेलने विकलेच नव्हते. महिन्याभरात एससीओने दिवाळखोरी जाहीर केली. अपिलानंतर मार्च २०१० मध्ये ज्यूरीनेही नॉव्हेलचाच हक्क मान्य केला. आयबीएमशी अखेरची तडजोड २०२१ मध्ये झाली: १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलर.

२३/
हा विजय कोणाचा? समुदायाने पुरावे शोधले, पण अठरा वर्षे वकिलांचा खर्च आयबीएमसारखी बलाढ्य कंपनीच करू शकत होती, आणि तिचा लिनक्समध्ये स्वतःचा व्यापारी हितसंबंध होता. दहा वर्षांपूर्वी तशी ढाल नसलेल्या बीएसडीला दोन वर्षांच्या दाव्याने मागे ढकलले होते. जीपीएलची अट आणि आयबीएमची थैली, दोन्ही मिळून लिनक्स तरले.

२४/
त्यानंतर वैर विरघळत गेले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली. आयबीएमने ३४ अब्ज डॉलर देऊन रेड हॅट घेतली. तो व्यवहार २०१९ मध्ये पुरा झाला. परंतु १९७६ च्या पत्रातला सवाल तेथेच राहिला. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला, तेव्हा कळले की जगभरच्या आर्थिक व्यवहारांचे रक्षण करणारी ओपनएसएसएल ही संहिता मोजकी माणसे सांभाळत होती, आणि त्यांना मिळणाऱ्या देणग्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर होत्या.

२५/
आरंभी कंपनीने सेवा नाकारली आणि वापरकर्ते एकमेकांच्या मदतीला धावले. आता संहिता कोणालाही वाचता येते, कोणत्याही कंपनीला वापरता येते. परवाना तेवढी ग्वाही देतो. रात्री दोन वाजता बिघाड दुरुस्त करायला बसणाऱ्या माणसाच्या उपजीविकेबद्दल मात्र त्यात एक शब्दही नाही. युनिक्सच्या मालकीचा वाद न्यायालयांनी मिटवला. तिच्या वारसांची निगा कोणी राखायची, याचा करार अजून व्हायचा आहे.

(धागा समाप्त)