वेगवान लाटेसाठी पॅडलबोर्डची निवड

मुंबई-गोवा महामार्गावर पेण शहरालगत रामवाडीचा थांबा लागतो. जलक्रीडेच्या ओढीने येथून पुढे निघालेल्यांसमोर दोन वाटा असतात. वडखळला उजवीकडे वळले की अलिबाग, रेवदंडा, काशीदचा समुद्र. महामार्गाने सरळ गेले की नागोठणे मागे टाकून रोहा तालुक्यातील कोलाड आणि तेथील कुंडलिका नदी. एका वाटेच्या शेवटी भरती-ओहोटी, वाळू आणि कातळ, तर दुसऱ्या वाटेच्या शेवटी धरणाच्या पाण्यावर धावणारा गोड्या पाण्याचा प्रवाह. या दोन्ही ठिकाणी, शिवाय अंदमान किंवा मालदीवच्या प्रवाळखडकांवर एकच पॅडलबोर्ड चालेल, असा समज नवशिक्यांत आढळतो. हा समज खर्चिक तर आहेच, पण प्रसंगी जिवावर बेतणाराही आहे.

‘स्टँड-अप पॅडलबोर्ड’ म्हणजे उभे राहून, लांब दांड्याच्या एकाच वल्ह्याने चालवायची फळी. खाडीत होडीवर उभा राहून बांबूने ती पुढे रेटणारा माणूस कोकणाला नवा नाही. मात्र लाटेवर स्वार होण्यासाठी उभ्याने वल्हवण्याचा आजचा प्रकार हवाई बेटांवर रुजला आणि २००० नंतरच्या दशकात लेअर्ड हॅमिल्टन, डेव्ह कलामा आदी लाटास्वारांमुळे जगभर पसरला. शांत पाण्यावर सहल, लांब पल्ल्याची शर्यत, नदीचा खळखळाट आणि समुद्राची लाट अशा त्याच्या शाखा झाल्या. प्रत्येक शाखेची फळी वेगळी आहे.

खडकावरची लाट वेगवान का?

खोल समुद्रातून येणारी लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा तळ अडखळतो, वेग मंदावतो आणि उंची वाढते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की ती फुटते. म्हणजे दीड मीटर उंचीची लाट सुमारे दोन मीटर पाण्यात फुटते. किनारा वाळूचा आणि मंद उताराचा असेल तर ही क्रिया सावकाश घडते व लाटेचा माथा फेसाळत खाली ओघळतो. तळाशी एकाएकी खडक वर आलेला असेल तर लाटेला सावरायला वेळच मिळत नाही. ती भिंतीसारखी उभी राहते आणि तिचा माथा पुढे झेपावून कोसळतो. ही खडकावरची लाट होय.

उथळ पाण्यातील लाटेचा वेग खोलीवर ठरतो. दोन मीटर पाण्यात तो ताशी सुमारे १६ किलोमीटर भरतो. स्वाराला मात्र याहून वेगाने जावे लागते, कारण लाट एका बाजूने फुटत येत असते आणि त्याला तिच्या न फुटलेल्या अंगावरून तिरके धावायचे असते. ती तिरकस वाट ४५ अंशांची धरली तरी वेग ताशी २२ किलोमीटरच्या पुढे जातो. अशा वेळी फळी वळली नाही किंवा कड सुटली, तर स्वार पडतो तो कंबरभर पाण्यात आणि त्याखाली असतो तो धारदार खडक.

खडक आहे म्हणून लाट असतेच असे नाही. विजयदुर्गापासून सुमारे १०० किलोमीटर पश्चिमेस, अरबी समुद्राच्या पोटात कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘अंग्रिया बँक’ ही प्रवाळांची मोठी पाण्याखालची पठारी जागा आहे. तिचा माथा पाण्याखाली सुमारे २० मीटरवर आहे. वरील हिशेबाने तेथे लाट फुटायची तर ती १५ मीटर उंच हवी. उलट लिटल अंदमान, मालदीव किंवा २०२४च्या ऑलिंपिकमधील सर्फिंग जेथे झाले ते ताहितीमधील तेआहुपो, या ठिकाणी खडक पृष्ठभागाच्या अगदी जवळ येतो. फळीची निवड या फरकातून सुरू होते.

आकारमान : लिटरचा हिशेब

फळी किती वजन तोलेल हे तिच्या आकारमानावरून कळते आणि ते लिटरमध्ये सांगितले जाते. एक लिटर पाणी बाजूला सारणारी वस्तू साधारण एक किलो भार तोलते. शांत पाण्यावरच्या सर्वसाधारण फळ्या १० ते ११ फूट लांब, ३० ते ३४ इंच रुंद असतात आणि त्यांचे आकारमान बरेचदा २०० लिटरच्या आसपास असते. त्यांच्यावर उभे राहणे सोपे असते. हाच गुण उभ्या लाटेवर दोष ठरतो. अतिरिक्त तरंगशक्तीमुळे कड पाण्यात रुतत नाही आणि फळी लाटेच्या अंगावरून सरकत खाली घसरते.

लाटेसाठीच्या फळ्या सामान्यतः साडेसात ते साडेनऊ फूट लांब व २६ ते ३१ इंच रुंद असतात. आकारमानाचा ढोबळ आडाखा असा : लाटेवर नव्याने येणाऱ्याने आपल्या वजनाच्या पावणेदोन ते दोनपट लिटर घ्यावेत, सरावलेल्याने दीडपटीच्या आसपास, निष्णाताने सव्वापट किंवा त्याहून थोडे कमी. ७० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हे आकडे अनुक्रमे १२५ ते १४०, १०५ आणि ८८ लिटरच्या आसपास येतात. वजन धरताना ओले कपडे, शिरस्त्राण आणि जॅकेट यांचाही विचार करावा. एकाएकी १४० वरून ९० लिटरवर उडी घेणारा स्वार लाटेची वाट पाहतानाच थकून जातो. थकलेल्या पायांनी खडकाची लाट घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

बाक, कड आणि शेपटी

फळी बाजूने पाहिली की तिला होडीसारखा बाक दिसतो. त्याला ‘रॉकर’ म्हणतात. होडीच्या नाळेप्रमाणे फळीचे पुढचे टोक किती उचललेले आहे, हे उभ्या लाटेसाठी सर्वांत महत्त्वाचे. टोक सपाट असेल तर लाटेवरून खाली उतरताना ते पाण्यात घुसते आणि स्वार पुढे फेकला जातो. बाक फार असेल तर सपाट पाण्यात फळी जड चालते व लाट पकडायला उशीर होतो. खडकाच्या लाटेला पुढे स्पष्ट उचल, मध्यभागी तुलनेने सरळ तळ आणि मागे किंचित उचल, अशी रचना मानवते.

कड जाड व गोलसर असेल तर फळी क्षमाशील असते. चूक झाली तरी उलटत नाही. पातळ आणि मागच्या भागात टोकदार असलेली कड लाटेत रुतते व वेगात दिशा टिकवते. शेपटीचेही तसेच आहे. रुंद, चौकोनी किंवा दुभंगलेली शेपटी लहान आणि दुबळ्या लाटेतून वेग काढते. निमुळती व गोल टोकाची शेपटी उभ्या, वेगवान लाटेत पकड देते. काशीदसारख्या वाळूच्या किनाऱ्यावरील सौम्य लाटेत हीच निमुळती शेपटी सुस्त वाटेल. तो फळीचा दोष नव्हे; ती त्या पाण्यासाठी केलेलीच नसते.

पंख

तळाशी मागे बसवलेल्या पंखांना ‘फिन’ म्हणतात. शांत पाण्यावर मधला एकच मोठा, आठ-दहा इंचांचा पंख सरळ चालण्यास उपयोगी पडतो. खडकाच्या लाटेवर तीन किंवा चार लहान पंखांची मांडणी बरी. तीन पंख वळणांना नेमकेपणा देतात, तर चार पंखांत मधला पंख नसल्याने ओढ कमी होऊन तिरकी धाव वेगवान होते. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. लांब पंख उथळ पाण्यात खडकाला लागतो, फळी जागच्या जागी थांबते आणि स्वार पुढे जातो. म्हणून पंख आखूड व सहज बदलता येण्याजोगे असावेत.

हवेची फळी की घट्ट फळी?

रामवाडीहून एस.टी.ने प्रवास करणाऱ्याला नऊ फुटांची घट्ट फळी नेणे अवघडच. हवा भरायची फळी पाठीवरच्या पिशवीत मावते. तिच्या दोन पृष्ठांमध्ये हजारो धाग्यांचे विणकाम असते. त्यामुळे १२ ते १५ पीएसआय दाबाने हवा भरली की ती बऱ्यापैकी ताठ होते. खाडी, तलाव आणि खडकाळ नदी यांसाठी ती उत्तम. खडकावर आपटली तरी ती सहसा फुटत नाही व अंगावर आली तरी इजा कमी होते. पण तिच्या कडा जाड व गोल असतात आणि वेगात ती किंचित लवते. उभ्या लाटेवर हे दोन्ही दोष एकदम जाणवतात. तेथे फोमचा गाभा आणि त्यावर काचतंतू व इपॉक्सीचे कवच असलेली घट्ट फळीच हवी.

घट्ट फळीला तडा गेल्यास तो बुजवल्याशिवाय पाण्यात उतरू नये. गाभ्यात शिरलेले खारे पाणी बाहेर काढणे जिकिरीचे असते. जुनी फळी घेताना ती हातात उचलून वजनाचा अंदाज घ्यावा आणि कवच अंगठ्याने दाबत जावे. जेथे ते आत दबते तेथे गाभा सुटलेला असतो. कोकणातील उन्हात, बंद मोटारीत किंवा टपावर फळी तासन् तास ठेवणे दोन्ही प्रकारांना घातक. हवेच्या फळीतील दाब वाढून शिवण सुटू शकते, तर घट्ट फळीचे कवच फुगते.

वल्हे

सहलीसाठी वल्हे डोक्यापेक्षा आठ-दहा इंच उंच घेतात. लाटेवर स्वार गुडघ्यांत वाकलेला असतो व वल्हे वळणाचा टेकू म्हणून वापरतो. त्यामुळे तेथे डोक्यापेक्षा सहा इंचांच्या आसपास अधिक उंची पुरते. वल्ह्याचे पाते लहान असावे, म्हणजे भराभर फटके मारता येतात. वेगवान लाट पकडण्यासाठी एका मोठ्या फटक्यापेक्षा चार जलद फटके उपयोगी पडतात.

दोर : एकीकडे तारक, दुसरीकडे मारक

फळी आणि स्वार यांना जोडणाऱ्या दोराला ‘लीश’ म्हणतात. दुकानात ती फळीसोबत सहज दिली जाते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. समुद्राच्या लाटेत ती घोट्याला किंवा पोटरीला बांधतात. फळीएवढी किंवा किंचित अधिक लांब, सरळ आणि जाड लीश घ्यावी. फळी सुटून गेली तर स्वार तरंगण्याचा आधार गमावतोच, शिवाय ती सात-आठ किलोंची वस्तू लाटेबरोबर इतरांवर आदळते.

वाहत्या नदीत नियम नेमका उलटा होतो. घोट्याला बांधलेला दोर खडकात किंवा बुडालेल्या फांदीत अडकला तर प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून ठेवतो आणि पायापर्यंत हात पोहोचत नाही. जगभरात अशा दुर्घटनांत जीव गेले आहेत. म्हणून नदीवर लीश कमरेच्या पट्ट्याला किंवा जॅकेटला, एका ओढीसरशी सुटेल अशा कडीने जोडतात. तशी कडी नसेल तर लीशच वापरत नाहीत.

रायगडच्या पाण्यात

कुंडलिकेचा प्रवाह मुळशीच्या पाण्यावर चालणाऱ्या टाटांच्या भिरा जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून असतो. पाणी सुटल्यावरच नदी वेग घेते. म्हणून कोलाडचे राफ्टिंग सकाळी त्याच वेळेला धरून चालते. येथील लाट समुद्राच्या लाटेसारखी पुढे सरकत नाही; पाणी धावते आणि लाट जागेवरच उभी राहते. येथे ३४ इंच किंवा अधिक रुंद, हवा भरलेली, पुढे चांगली उचललेली व आखूड लवचिक पंखांची फळी योग्य. शिरस्त्राण आणि जॅकेट यांना पर्याय नाही.

समुद्राकडे पाहता, कुलाबा किल्ल्याभोवतीचा किंवा कोर्लईकडचा कातळ ओहोटीला उघडा पडतो आणि भरतीला झाकला जातो. उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी काही तासांत साडेतीन-चार मीटरने बदलते. भांगाच्या दिवसांत हा फरक बराच कमी असतो. सकाळी सुरक्षित वाटलेली जागा दुपारी उथळ खडक होते. हे वेळापत्रक स्थानिक कोळी बांधवांइतके क्वचितच कोणाला ठाऊक असते. किनाऱ्यावर मोठी लाट येते ती पावसाळ्यात, म्हणजे नेमकी समुद्र खवळलेला असताना आणि जलक्रीडा बंद असताना. उरलेल्या मोसमात लाटा बहुधा लहान व वाळूवर फुटणाऱ्या असतात. त्यामुळे रायगडमध्ये शिकणाऱ्याने पहिली फळी खडकाच्या लाटेसाठी घेऊ नये. दहा फुटांच्या आसपासची, किंचित बाक असलेली सर्वसाधारण फळी दोन-तीन मोसम कामाला येते.

पुढे प्रवाळखडकांच्या लाटांकडे जायचे ठरल्यास तेथील फळी आधी भाड्याने घेऊन पाहावी. निवडीपूर्वी पाच गोष्टी लिहून काढाव्यात : आपले वजन, फेसाळ पाण्यात उभे राहण्याचा आपला खरा सराव, लाटेची नेहमीची उंची, तळाची खोली आणि पडल्यावर बाहेर येण्याची वाट. पडताना सूर मारू नये. अंग पसरून, सपाट पडावे व डोके हातांनी झाकावे. फळी कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये धरू नये. शेवटच्या प्रश्नाचे, म्हणजे बाहेर येण्याच्या वाटेचे उत्तर जेथे मिळत नाही, तेथे कोणतीही फळी योग्य ठरत नाही.