जिरे : नाव आणि पीक

एखाद्या पिकाचे नाव भाषेत जुने असले म्हणजे ते पीकही त्या भूमीत जुने असते काय, हा प्रश्न जिऱ्यासंबंधी विशेष विचारार्ह आहे.

जिऱ्याचे मूलस्थान पूर्व भूमध्यसागराचा व पश्चिम आशियाचा प्रदेश मानतात. तेथील नावे परस्परांशी संबद्ध आहेत : अक्कादी ‘कमूनु’, हिब्रू ‘कम्मोन’, अरबी ‘कम्मून’, ग्रीक ‘क्युमिनोन’. मायकेल व्हेंट्रिस याने १९५२ मध्ये उलगडलेल्या ‘लिनियर बी’ लिपीतील मृत्तिकापट्टांवरही ‘कु-मि-नो’ आढळतो. संस्कृत ‘जीरक’ मात्र निराळा. त्यावरून मराठी ‘जिरे’ व गुजराती ‘जीरुं’. पचविणारे ते जीरक, अशी व्युत्पत्ती परंपरेने दिली आहे, व मराठी ‘जिरणे’ हे क्रियापदही त्याच जॄ धातूचे होय. तथापि फारसी ‘झीरा’ हे रूप इतके निकट आहे की, ही व्युत्पत्ती मागाहून बसविली गेली असण्याचा संभव दृष्टीआड करता येत नाही.

मराठीतील दोन शब्द येथे साक्षीस घेता येतात. ‘जिरेसाळ’ हे भाताचे नाव केवळ दाण्याच्या साम्यावरून पडले. त्यावरून लागवड सिद्ध होत नाही. ‘जिरेमाळी’ या शब्दाची गोष्ट वेगळी. फुलमाळी, हळदेमाळी, जिरेमाळी या नामपंक्तीत पूर्वपद पिकविलेल्या वस्तूचे आहे. विकत आणलेल्या वस्तूवरून बागाइतदारांच्या शाखेस नाव पडणे संभवत नाही. म्हणून महाराष्ट्रातील मळ्यांत कधीकाळी जिरे होत असावे, एवढे अनुमान युक्त ठरते.

आज देशातील बहुतेक सर्व जिरे गुजरात व राजस्थान येथे होते. गुजरातेतील उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ होय. याचे कारण पिकाच्या स्वभावात आहे. जिरे नोव्हेंबरात पेरतात व सुमारे चार महिन्यांत काढतात. त्यास थंड, कोरडी हवा आणि निचऱ्याची जमीन लागते. फुलोऱ्यानंतर आभाळ आले की करपा पडतो व उभे पीक काही दिवसांत काळे होते. या रोगाच्या बुरशीचे ‘आल्टर्नेरिया बर्न्सी’ असे नामकरण उप्पल, पटेल व कामत यांनी १९३८ मध्ये केले. त्या वेळी गुजरातचा काही भाग मुंबई प्रांतात होता.

सारांश, ‘जिरे’ हा शब्द वापराची साक्ष देतो, ‘जिरेमाळी’ लागवडीची. परंतु ती केव्हा होती व किती होती, हे दोहोंपैकी एकही सांगत नाही. शब्दास त्याच्या शक्तीपलीकडे बोलावयास लावणे, हा भाषेच्या आधारे इतिहास लिहिणाऱ्याने टाळावयाचा पहिला दोष होय.