हेपॅरिन : मात्रा आणि वेळ

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत प्रवरेकाठच्या कोल्हारसारख्या गावांतही ‘डी-डायमर’ हा शब्द ओळखीचा झाला. करोनाच्या दाहाने रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावते, फुप्फुसांत गुठळ्या होतात. उपाय जुनाच होता : हेपॅरिन. १९१६ मध्ये बाल्टिमोरचे वैद्यकीय विद्यार्थी जे मॅक्लीन रक्त गोठवणारे द्रव्य शोधत होते. यकृताच्या अर्कात नेमके उलटे गवसले. मात्रा वाढवली की जीव वाचेल, ही आशा स्वाभाविक होती. ऑगस्ट २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय चाचण्यांचे निष्कर्ष आले. मध्यम आजारी रुग्णांना पूर्ण मात्रेचा लाभ झाला. अतिगंभीर १,०९८ रुग्णांत मात्र नाही. तेथे मोठा रक्तस्राव नेहमीच्या मात्रेत २.३ टक्के, तर पूर्ण मात्रेत ३.८ टक्के रुग्णांना झाला. गुठळ्या बळावल्यावर मात्रा वाढवणे उशिराचे ठरते, असा त्याचा अर्थ लावला गेला. गावातून रुग्णालयात वेळेवर पोहोचण्याचे मोल यावरून कळते.